यकृत प्रत्यारोपित रुग्णांमधील हिपॅटायटिस ई संसर्ग

हिपॅटायटिस ई हा त्याच नावाच्या विषाणूमुळे होणारा यकृताचा दाह होय. निरोगी व्यक्तीमध्ये हा आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. यकृत प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला मात्र नवे यकृत टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. अशा व्यक्तीच्या शरीरातून हा विषाणू अनेकदा पूर्णपणे निघून जात नाही. तो महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे रक्तात व यकृतात टिकून राहतो आणि त्यातून दीर्घकालीन यकृतदाह व पुढे सिरॉसिस उद्भवू शकतो. या संसर्गाची बाह्य लक्षणे अत्यल्प असल्याने व नेहमीच्या रक्ततपासण्यांत तो सहज ओळखू येत नसल्याने प्रत्यारोपणोत्तर वैद्यकात त्याला विशेष महत्त्व आहे. वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्णांमध्ये तो औषधोपचाराने बरा होतो.

विषाणूचे स्वरूप

हिपॅटायटिस ई विषाणू हेपेव्हिरिडी या कुळात मोडतो. त्याचा व्यास सुमारे २७ ते ३४ नॅनोमीटर असून त्याच्या अंतरंगात एकपदरी आरएनए असतो. या आरएनएची लांबी सुमारे ७,२०० न्यूक्लिओटाइड इतकी आहे. त्यात प्रामुख्याने तीन प्रथिन-संकेतक विभाग आढळतात. पहिला विभाग विषाणूच्या प्रती तयार करणाऱ्या विकरांचा, दुसरा बाह्यकवचाच्या प्रथिनाचा आणि तिसरा विषाणूला पेशीबाहेर पडण्यास साहाय्य करणाऱ्या प्रथिनाचा असतो. विष्ठेतून बाहेर पडणारे विषाणुकण आवरणरहित असतात, तर रक्तात फिरणाऱ्या कणांभोवती पेशीच्या पटलापासून बनलेले पातळ वेष्टन असते. या वेष्टनामुळे रक्तातील विषाणू प्रतिपिंडांपासून काही अंशी सुरक्षित राहतो.

माणसाला बाधणाऱ्या विषाणूचे मुख्यतः चार जनुकप्रकार मानले जातात. जनुकप्रकार १ व २ हे केवळ माणसात आढळतात व मैलामिश्रित पाण्यातून पसरतात. पहिला आशिया व आफ्रिका खंडांत, तर दुसरा मेक्सिको व आफ्रिकेच्या काही भागांत आढळतो. जनुकप्रकार ३ व ४ हे मूलतः प्राण्यांतील असून डुक्कर, रानडुक्कर व हरीण यांच्यापासून माणसाकडे येतात. जनुकप्रकार ३ युरोप व अमेरिकेसह जगाच्या अनेक भागांत, तर ४ प्रामुख्याने चीन, जपान व त्यांच्या आसपासच्या प्रदेशांत आढळतो. प्रत्यारोपित रुग्णांतील दीर्घकालीन संसर्गाची बहुसंख्य उदाहरणे जनुकप्रकार ३ ची आहेत.

शोधाचा इतिहास

या विषाणूचा इतिहास भारताशी जवळून निगडित आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्ली येथे काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पात्रात झालेल्या बदलामुळे नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणीउपसा केंद्रापर्यंत पोहोचले व सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. त्या वेळी ही साथ हिपॅटायटिस ए ची असावी असे मानले गेले. पुढे १९८० साली या साथीतील जतन करून ठेवलेले रक्तनमुने आणि भारतातील नंतरच्या काही साथींमधील नमुने तपासण्यात आले, तेव्हा ती हिपॅटायटिस ए अथवा बी यांपैकी कोणतीच नसल्याचे स्पष्ट झाले. या संशोधनात अमेरिकी शास्त्रज्ञांसमवेत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ सहभागी होते. त्याच सुमारास मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. गर्भवती स्त्रियांमध्ये हा आजार विशेष घातक ठरतो, हेही त्यांच्या निरीक्षणातून पुढे आले.

सोव्हिएत विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क स्वतः प्राशन करून हा आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत विषाणुकण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. हे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले. १९९० साली विषाणूच्या आरएनएचा काही भाग प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला व पुढील वर्षी त्याचा संपूर्ण अनुक्रम उलगडला. १९९७ साली अमेरिकेत डुकरांमध्ये याच जातीचा विषाणू आढळला आणि हा आजार प्राण्यांकडूनही येऊ शकतो या विचाराला आधार मिळाला.

यानंतरही दीर्घकाळ हिपॅटायटिस ई हा केवळ तीव्र व अल्पकालीन आजार समजला जात होता. २००८ साली ही समजूत बदलली. फ्रान्समधील तुलूझ येथे नसीम कमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवयव प्रत्यारोपण झालेल्या १४ रुग्णांमध्ये या विषाणूचा संसर्ग नोंदवला. त्यांपैकी ३ रुग्ण यकृत प्रत्यारोपणाचे होते. एकूण १४ पैकी ८ जणांमध्ये संसर्ग दीर्घकालीन झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी यकृत प्रत्यारोपित अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या नव्या यकृतातही या विषाणूमुळे दीर्घकालीन यकृतदाह झाला होता.

संसर्ग कसा होतो

प्रत्यारोपित रुग्णाला हा संसर्ग पुढील मार्गांनी होऊ शकतो.

अन्न: युरोपात हा सर्वांत महत्त्वाचा मार्ग आहे. डुकराचे अर्धकच्चे मांस, विशेषतः यकृत घालून केलेले सॉसेज, तसेच रानडुकराचे व हरणाचे मांस यांतून विषाणू पोटात जातो. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील फिगातेलू या डुकराच्या यकृताच्या सॉसेजचा अशा संसर्गाशी असलेला संबंध २०१० साली दाखवण्यात आला.

पाणी: भारतीय उपखंडात व आफ्रिकेत मैलामिश्रित पाणी हाच संसर्गाचा प्रमुख मार्ग आहे.

रक्त व रक्तघटक: रक्तदाता वरकरणी पूर्णपणे निरोगी असतानाही त्याच्या रक्तात विषाणू असू शकतो. आग्नेय इंग्लंडमध्ये २,२५,००० रक्तदानांच्या तपासणीत ७९ दात्यांच्या रक्तात विषाणूचा आरएनए आढळला. त्यांचे रक्तघटक मिळालेल्या ज्या ४३ व्यक्तींचा पाठपुरावा करता आला, त्यांपैकी १८ जणांना संसर्ग झाला होता. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. यकृत प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत अनेकदा मोठ्या प्रमाणावर रक्तघटक द्यावे लागत असल्याने या मार्गाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

प्रत्यारोपित अवयव: दात्याच्या यकृतातच विषाणू सुप्तपणे असल्यास तो थेट रुग्णाच्या शरीरात जातो. असे एक उदाहरण जर्मनीतून २०१२ साली प्रसिद्ध झाले. दात्याच्या रक्तात विषाणू आढळला नव्हता, परंतु यकृताच्या ऊतीत तो होता. त्या यकृतामुळे रुग्णाला दीर्घकालीन यकृतदाह व सिरॉसिस झाला.

संसर्ग दीर्घकाळ का टिकतो

निरोगी शरीरात विषाणूग्रस्त यकृतपेशी ओळखून नष्ट करण्याचे काम मुख्यतः टी-लसीकापेशी करतात. हिपॅटायटिस ई विषाणू स्वतः यकृतपेशींची फारशी हानी करत नाही. काविळीच्या वेळी होणारी हानी बव्हंशी शरीराच्या प्रतिकारामुळे होते आणि त्याच प्रतिकारामुळे विषाणूचा नायनाटही होतो.

प्रत्यारोपणानंतर याच टी-पेशींना आवर घालावा लागतो. तसे न केल्यास त्या नव्या यकृताला परके समजून त्यावर हल्ला करतात. याला वैद्यकीय परिभाषेत अवयव नाकारला जाणे असे म्हणतात. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन ही औषधे टी-पेशींमधील कॅल्सिन्यूरिन या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे टी-पेशींची वाढ मंदावते, नवे यकृत सुरक्षित राहते, परंतु विषाणूलाही मोकळीक मिळते. नवे यकृत वाचवण्यासाठी दिलेले औषधच त्या यकृतातील विषाणूला आश्रय देते, हा या आजारातील मूळ पेच होय.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात संसर्ग झालेल्या ८५ प्रत्यारोपित रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्णांमध्ये तो दीर्घकालीन झाला. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत टॅक्रोलिमस घेणाऱ्यांमध्ये, तसेच निदानाच्या वेळी रक्तातील बिंबाणूंची संख्या कमी असलेल्यांमध्ये ही शक्यता अधिक होती. प्रयोगशाळेतील अभ्यासांत कॅल्सिन्यूरिन रोखणाऱ्या औषधांमुळे व सिरोलिमस गटातील औषधांमुळे विषाणूची वाढ जोमाने होते, तर मायकोफेनोलिक आम्लामुळे ती मंदावते, असे दिसून आले आहे.

लक्षणे व परिणाम

या रुग्णांमध्ये कावीळ क्वचितच दिसते. बहुतेकांना कोणताही त्रास जाणवत नाही, काहींना केवळ थकवा जाणवतो. रक्ततपासणीत यकृतातील विकरांचे, विशेषतः एएलटीचे, प्रमाण वाढलेले दिसते, परंतु ही वाढ तीव्र काविळीत हजारांच्या घरात जाणाऱ्या आकड्यांच्या मानाने किरकोळ असते. प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने यकृताचा दाह सौम्य भासतो. आत मात्र तंतुमय ऊती वाढत राहते.

सर्वसाधारणपणे यकृताच्या दीर्घकालीन आजारातून सिरॉसिस होण्यास दशके लागतात. प्रत्यारोपित रुग्णांतील हिपॅटायटिस ई मध्ये मात्र काहींना दोन ते पाच वर्षांतच सिरॉसिस झाल्याची नोंद आहे. असे नवे यकृत निकामी झाल्यास पुन्हा प्रत्यारोपण करावे लागू शकते आणि विषाणूचे आधी निर्मूलन झाले नसेल, तर तो दुसऱ्या यकृतालाही ग्रासू शकतो.

यकृताबाहेरही या विषाणूचे परिणाम आढळतात. गीयाँ-बारे विकार, खांद्याच्या व बाहूच्या मज्जातंतूंचा दाह, मूत्रपिंडातील गाळणपुंजांचा दाह इत्यादी विकारांशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

निदान

प्रत्यारोपणानंतर यकृताची विकरे वाढण्याची अनेक कारणे संभवतात: नव्या यकृताचा नकार, औषधांचा दुष्परिणाम, पित्तनलिकेतील अडथळा, सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, मूळ आजाराचे पुनरागमन इत्यादी. हिपॅटायटिस ई ची शंका घेतली गेली नाही, तर हा संसर्ग नकार किंवा औषधाचा दुष्परिणाम समजला जाण्याचा धोका असतो. यकृताच्या बायोप्सीतील चित्रही सौम्य नकाराशी मिळतेजुळते असू शकते. नकार समजून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा वाढवली, तर विषाणूला आणखी वाव मिळतो. म्हणून या दोहोंतील भेद ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध दिशेने जाणारे आहेत.

निरोगी व्यक्तीमध्ये रक्तातील आयजीएम प्रतिपिंडांच्या तपासणीवरून हिपॅटायटिस ई चे निदान होऊ शकते. प्रत्यारोपित रुग्णांच्या शरीरात प्रतिपिंडे उशिरा तयार होतात किंवा मुळीच तयार होत नाहीत. त्यामुळे प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक आली तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. निश्चित निदानासाठी पीसीआर पद्धतीने रक्तात व विष्ठेत विषाणूचा आरएनए शोधावा लागतो. हा आरएनए तीन महिन्यांहून अधिक काळ आढळत राहिल्यास संसर्ग दीर्घकालीन मानला जातो. पूर्वी यासाठी सहा महिन्यांची मर्यादा वापरली जात असे. तीन महिन्यांनंतर विषाणू आपोआप नाहीसा झाल्याची उदाहरणे विरळ असल्याने ती कमी करण्यात आली. युरोपीय यकृत अभ्यास संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच व्याख्या स्वीकारलेली आहे.

उपचार

पहिली पायरी: शक्य असल्यास प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची, प्रामुख्याने टी-पेशींवर कार्य करणाऱ्या औषधांची, मात्रा कमी केली जाते. वर उल्लेखिलेल्या २०११ च्या अभ्यासात दीर्घकालीन संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण केवळ एवढ्याने विषाणूमुक्त झाले. हा बदल प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि वारंवार रक्ततपासणी करूनच केला जातो. रुग्णाने स्वतःहून मात्रा घटवल्यास नवे यकृत नाकारले जाण्याचा गंभीर धोका असतो.

दुसरी पायरी: मात्रा कमी करूनही विषाणू टिकून राहिल्यास, किंवा ती कमी करणे शक्य नसल्यास, रिबाव्हिरिन हे औषध १२ आठवडे दिले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५९ प्रत्यारोपित रुग्णांना हे औषध देण्यात आले होते. त्यांपैकी १० जणांचे यकृत प्रत्यारोपण झालेले होते. उपचाराचा मध्यक कालावधी ३ महिने होता. औषध थांबवल्यानंतर सहा महिन्यांनीही ७८ टक्के रुग्ण विषाणूमुक्त राहिले. रक्त विषाणूमुक्त झाल्यावरही विष्ठेत आरएनए आढळत असेल, तर आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. म्हणून औषध थांबवण्यापूर्वी दोन्ही नमुने तपासले जातात आणि गरजेनुसार उपचार आणखी तीन महिने वाढवला जातो.

रिबाव्हिरिनचा मुख्य दुष्परिणाम म्हणजे रक्तक्षय. तांबड्या रक्तपेशी फुटू लागल्याने हिमोग्लोबिन घटते, अशा वेळी औषधाची मात्रा कमी करावी लागते, प्रसंगी एरिथ्रोपोएटिन किंवा रक्त द्यावे लागते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांमध्ये मात्रा काळजीपूर्वक ठरवली जाते. गर्भातील बालकास ते अपायकारक असल्याने उपचारादरम्यान व त्यानंतर काही महिने स्त्री व पुरुष अशा दोन्ही रुग्णांना गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते.

तिसरी पायरी: रिबाव्हिरिनचा उपयोग न झाल्यास यकृत प्रत्यारोपित रुग्णांमध्ये पेगिलेटेड इंटरफेरॉन-अल्फाचा विचार करता येतो. मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुस प्रत्यारोपित रुग्णांमध्ये या औषधामुळे अवयव नाकारला जाण्याचा धोका मोठा असल्याने ते सहसा टाळले जाते. हिपॅटायटिस सी वर गुणकारी ठरलेले सोफोसबुव्हिर हे औषध या विषाणूविरुद्ध पुरेसे प्रभावी ठरलेले नाही.

प्राण्यांकडून आलेले दुर्मिळ संसर्ग

यकृत प्रत्यारोपित रुग्णांच्या अभ्यासातून या विषाणुकुळाविषयी दोन अनपेक्षित गोष्टी उघड झाल्या. २०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतील एका यकृत प्रत्यारोपित रुग्णामध्ये उंटात आढळणाऱ्या जनुकप्रकार ७ चा दीर्घकालीन संसर्ग नोंदवला गेला. हा रुग्ण उंटाचे मांस व दूध नियमितपणे सेवन करत असे. २०१८ साली हाँगकाँगमधील ५६ वर्षांच्या एका यकृत प्रत्यारोपित रुग्णामध्ये उंदरांतील हिपॅटायटिस ई विषाणू आढळला. हा विषाणू माणसाला बाधत नाही अशी त्यापूर्वीची समजूत होती. मानवी हिपॅटायटिस ई साठी तयार केलेल्या काही नेहमीच्या पीसीआर तपासण्यांत तो सापडत नाही, हे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रतिबंध

प्रत्यारोपित रुग्णांनी डुकराचे, रानडुकराचे व हरणाचे मांस कच्चे वा अर्धकच्चे खाऊ नये, अशी शिफारस केली जाते. यकृतयुक्त मांसपदार्थातील विषाणू पूर्णपणे निष्प्रभ होण्यासाठी पदार्थाच्या अंतर्भागाचे तापमान ७१ अंश सेल्सिअसवर २० मिनिटे राहणे आवश्यक असल्याचे प्रयोगात आढळले आहे. पाणी उकळून पिणे, उघड्यावरील बर्फ, रस व धुतल्याविना भाज्या टाळणे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हे साधे उपाय पाण्यातून होणाऱ्या संसर्गास आळा घालतात.

ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी व जपान या देशांत दान केलेल्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी केली जाते.

हिपॅटायटिस ई ची लस चीनमध्ये विकसित झाली असून हेकोलिन या नावाने तिला तेथे २०११ साली परवानगी मिळाली. च्यांग्सू प्रांतात एक लाखाहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत ती अत्यंत परिणामकारक ठरली. सहा महिन्यांच्या अवधीत तिच्या तीन मात्रा दिल्या जातात. ही चाचणी निरोगी व्यक्तींवर झालेली असल्याने तिचे निष्कर्ष प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

भारतातील स्थिती

भारतात माणसांमध्ये प्रामुख्याने जनुकप्रकार १ आढळतो. डुकरांमध्ये जनुकप्रकार ४ असल्याचे पुण्यातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. जनुकप्रकार १ मुळे सहसा दीर्घकालीन संसर्ग होत नाही. त्यामुळे युरोपातील चित्र भारतात तसेच्या तसे दिसत नाही. भारतात या विषाणूचा यकृत प्रत्यारोपणाशी असलेला संबंध प्रामुख्याने दुसऱ्या बाजूने येतो. हिपॅटायटिस ई हे तीव्र यकृतनिकामीपणाचे देशातील एक प्रमुख कारण आहे. आधीच सिरॉसिस असलेल्या रुग्णाला हा संसर्ग झाल्यास त्याची प्रकृती झपाट्याने खालावते. अशा काही रुग्णांना तातडीच्या प्रत्यारोपणाची गरज भासते. म्हणजेच युरोपात जो विषाणू प्रत्यारोपणानंतरची समस्या म्हणून ओळखला जातो, तो भारतात अनेकदा प्रत्यारोपणाचे कारण ठरतो.

पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून होणाऱ्या काविळीच्या साथी महाराष्ट्रालाही नवीन नाहीत. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजी शहरात हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती. रक्तपेढ्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश व हिवताप यांच्या तपासण्या बंधनकारक आहेत. त्या यादीत हिपॅटायटिस ई चा समावेश नाही. देशातील बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन केली जातात. या विषाणूचा परिपाक काळ दोन ते दहा आठवड्यांचा असल्याने, साथीच्या भागात राहणारा दाता शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षणविरहित पण संसर्गित असू शकतो. प्रत्यारोपित रुग्णाची यकृत-विकरे विनाकारण वाढलेली आढळल्यास हिपॅटायटिस ई ची पीसीआर तपासणी करून घेणे, ही या आजाराविषयीच्या आजवरच्या अभ्यासातून पुढे आलेली सर्वांत उपयुक्त शिकवण मानली जाते.

हेही पाहा

कावीळ
यकृत
सिरॉसिस
अवयवदान
राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, पुणे